काकूंची ‘झोपेची गोळी’: प्लेटलेट्स नॉर्मल, तरी हिमोग्लोबिन साडेसहाच्या खाली

तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली. काउंटरवर उभं राहून माणसाला गावातल्या निम्म्या घरांची दुखणी कळतात आणि तरी जे कळायला पाहिजे ते कळत नाही, हे मला मागच्या वर्षी गौरी-गणपतीत समजलं. काकूंच्या घरच्यांना विचारूनच लिहितोय, नाव-गाव मुद्दाम टाकलेलं नाही. आणि सुरुवातीलाच सांगतो, या प्रकरणात माझीही चूक आहे, ती पुढे येईलच.

काकू ६८ वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, एक स्टेंट, त्यामुळे रक्त पातळ करायची ॲस्पिरिन ७५ रोजची. बीपीला टेल्मिसार्टन आणि त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. कोलेस्टेरॉलची एक. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी. शुगर नाही. त्याच्या आदल्या दिवाळीत काका गेले आणि तिथून काकूंचं सगळं फिरलं. सुरुवातीला दुःख आहे, होईल कमी, असं सगळेच म्हणत होते. पण फेब्रुवारीपर्यंत काकूंनी जेवण जवळजवळ टाकलं, वजन सात किलोनं उतरलं, पहाटे तीनला उठून ओट्याजवळ नुसत्या बसून राहायच्या, आणि एकदा सुनेला म्हणाल्या की आता मला कशाला ठेवलंय देवानं. मुलगा शहाणा, तो त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेला. त्यांनी मार्चमध्ये सर्ट्रालीन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली, आठवडाभर २५ आणि मग ५०, रात्री जेवणानंतर. तेव्हाचं हिमोग्लोबिन ११.८, फाईलमध्ये रिपोर्ट आहे.

गोळीची निवड चुकीची होती असं कोणाला वाटू नये म्हणून सांगतो, हार्टच्या पेशंटला डिप्रेशनसाठी काही द्यायचं तर सर्ट्रालीनकडेच आधी हात जातो. २००२ साली हार्ट अटॅक किंवा छातीच्या तीव्र दुखण्यानंतर डिप्रेशन आलेल्या ३६९ पेशंटवर याच गोळीचा अभ्यास झाला होता आणि हृदयाच्या दृष्टीनं ती सुरक्षित निघाली होती. जुन्या अमिट्रिप्टिलीनसारख्या गोळ्या हार्टच्या ठोक्यांत गडबड करू शकतात म्हणून स्टेंटवाल्या माणसाला सहसा देत नाहीत. आणि गोळीनं काम पण केलं. मे महिन्यात काकू कुरडया घालायला गच्चीवर होत्या, मी स्वतः बघितलंय.

आता गोम अशी की घरात ही गोळी काय म्हणून आली? ‘झोपेची गोळी’ म्हणून. मुलानं आईला तसंच सांगितलं, बायकोलाही तसंच सांगितलं, कारण आई ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जाते हे मामांना कळलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. दर महिन्याला तो माझ्याकडून तीस गोळ्या न्यायचा आणि म्हणायचा, दादा, नाव दिसणार नाही अशी द्या, आमच्याकडे एक भाचा आहे तो प्रत्येक स्ट्रिपचं नाव गूगल करतो. मग मी काय करायचो, कात्रीनं स्ट्रिप दोन-दोन गोळ्यांच्या तुकड्यात कापायचो, नावाची कड वेगळी काढायचो, आणि तुकडे खाकी पाकिटात घालून वर पेनानं लिहायचो, ‘रात्री १’. मला वाटायचं मी त्यांची अब्रू राखतोय. असं आम्ही बऱ्याच जणांना करून देतो, खोटं कशाला बोलू.

मेच्या शेवटी सुनेच्या लक्षात आलं की काकूंच्या हातावर काळेनिळे डाग पडतात. बांगडी जरा घट्ट बसली की डाग, दाराची कडी लागली की डाग, कोपरापासून मनगटापर्यंत. दोन वेळा घोळणा फुटला, तोही वीस-पंचवीस मिनिटं थांबेना, कपाळावर पाणी मारून, कांदा हुंगवून सगळं झालं. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, २ लाख ४० हजार. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, ॲस्पिरिन चालू आहे, वय झालंय, कातडी पातळ झालीय, चालायचंच.

इथे जरा थांबतो, कारण या प्रकरणातली पहिली फसगत ही. डेंग्यूनं आपल्याकडे प्रत्येकाला प्लेटलेट्स हा शब्द शिकवला, पण अर्धाच शिकवला. लोक दुकानात येऊन सांगतात, दादा एक लाख दहा हजार आल्यात, पपईच्या पानांचा रस चालू केलाय. म्हणजे आकडा दीड लाखाच्या वर असला की आपण सुटलो, अशी सगळ्यांची समजूत. पण आकडा म्हणजे फक्त हजेरी. हजर असलेला माणूस काम करतोय का, हे त्या रिपोर्टात येतच नाही.

सेरोटोनिन म्हटलं की सगळे मेंदूचंच नाव घेतात, ‘आनंदाचं रसायन’ वगैरे. पण ते नाव पडलं रक्तावरून. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी रक्ताच्या सीरममधून एक पदार्थ वेगळा काढला जो रक्तवाहिन्यांचा टोन वाढवतो, म्हणजे त्या आवळतो, म्हणून सीरम आणि टोन मिळून सेरोटोनिन. मेंदूत ते असतं हे नंतर कळलं. शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि रक्तात जे असतं ते जवळजवळ सगळं प्लेटलेट्सच्या पोटात असतं. प्लेटलेट स्वतः ते बनवू शकत नाही. ती आतड्याकडून येणाऱ्या रक्तातून ते उचलते आणि साठवते, आणि उचलायला तिच्या अंगावर जो पंप असतो तो अगदी तोच, जो मेंदूतल्या पेशींवर असतो. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम या सगळ्या गोळ्या तोच पंप अडवतात. मेंदूत अडवला की मन सावरायला मदत होते, पण गोळीला काय माहीत कुठला पंप मेंदूतला आणि कुठला रक्तातला. काही आठवड्यांत प्लेटलेट्सच्या पोटातलं सेरोटोनिन जवळजवळ रिकामं होतं.

त्यानं काय बिघडतं, तर ढोलपथक डोळ्यापुढे आणा. दोनशे ढोलवाले उभे आहेत, पण शिट्टीवाल्यानं शिट्टी मारल्याशिवाय सगळे एका ठेक्यावर येत नाहीत. रक्तवाहिनी कुठे फाटली की पहिल्या पोचलेल्या प्लेटलेट्स आपल्या पोटातलं सामान बाहेर टाकतात, त्यात सेरोटोनिन असतं, ती एक शिट्टी, त्यानं बाकीच्या धावत येतात, चिकटतात, आणि तिथली नळी पण आवळली जाते. शिट्ट्या बाकीच्याही असतात म्हणून रक्त थांबतं, पण उशिरा थांबतं, आणि गुठळी जरा कच्ची बसते. काकूंच्या बाबतीत ढोलवाले २ लाख ४० हजार हजर होते, शिट्टी गायब. वरून ॲस्पिरिननं दुसरी शिट्टी, थ्रॉम्बॉक्सेन नावाची, ती पण काढून घेतलेली, आणि ॲस्पिरिनचं काम एकदा झालं की त्या प्लेटलेटला मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, ती परत मिळत नाही. घोळणा पंचवीस मिनिटं का चालला याचा हिशोब एवढाच आहे, पण मेमध्ये तो कोणी मांडला नाही, मीही नाही. मला तर डाग आणि घोळणा माहीतच नव्हता.

जुलैत पाऊस लागला आणि काकूंचे गुडघे धरले. हाडाच्या डॉक्टरांनी ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी दिली, पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत’ याला काकूंचं उत्तर, बीपीची आणि एक हार्टची. डॉक्टरांनी गोळीसोबत ॲसिडिटीची गोळी चालू ठेवा म्हणून लिहिलं होतं. पण काकूंनी काय केलं, तर आधीच पाच गोळ्या, त्यात दोन वाढल्या, एवढ्या गोळ्यांनीच पोट भरतंय, म्हणून त्यातल्या त्यात बिनकामाची वाटलेली पॅन्टोप्राझोल त्यांनी स्वतःच्या मनानं बंद केली. छातीत जळजळत नाही तर ॲसिडिटीची गोळी कशाला, इतकं साधं लॉजिक. याच्यावर हसू नका, मी रोज दहा जणांकडून ऐकतो. ती गोळी जळजळीची नव्हती, ॲस्पिरिनपासून पोटाचं अस्तर वाचवायची होती, हे चार वर्षांत त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पाच दिवसांत गुडघा मोकळा झाला. मग रिकामी स्ट्रिप घेऊन शेजारचा बारक्या पोरगा माझ्याकडे आला. आजींनी ही आणायला सांगितलीय. कुठल्या आजी, हे मी विचारलं नाही. संध्याकाळची गर्दी होती, दोन पोरं सुट्टीवर होती, पण ही सगळी सांगायची कारणं, खरं म्हणजे विचारायची सवयच नव्हती. दुखण्याची गोळी, रिकामी स्ट्रिप समोर, दिली. ती गोळी शेड्यूल एचमधली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, हे मला डी.फार्मच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. पाच आठवड्यांत तो पोरगा सहा वेळा आला. म्हणजे महिन्याच्या महिन्याला सर्ट्रालीन मी मुलाच्या हातात देत होतो आणि आठवड्याला दुखण्याची गोळी त्या पोराच्या हातात, दोन्ही एकाच घरात, एकाच पोटात जात होत्या, आणि दोन्ही माझ्याच काउंटरवरून.

तिसरा मार पोटावर तो असा. पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणारी रसायनं असतात, प्रोस्टाग्लँडिन म्हणतात त्यांना, दुखण्याची गोळी तीच कमी करते. म्हणजे एकीनं भिंत खरवडली आणि दोघींनी मिळून रक्त थांबवणारे निकामी केले. शिवाय सर्ट्रालीनच्या गटातल्या गोळ्यांनी पोटातलं आम्ल पण थोडं वाढत असावं असं म्हणतात. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्पेनच्या संशोधकांचा एक पेपर आला होता, ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी काढून केलेला. या गटातली डिप्रेशनची गोळी घेणाऱ्यांमध्ये जठराकडून रक्तस्राव होण्याचा धोका साधारण तिप्पट निघाला, आणि तिच्यासोबत दुखण्याची गोळी असेल तर पंधरापटीच्या वर. नंतरच्या अभ्यासात आकडे खाली आले, पण चित्र तेच राहिलं. दुप्पट-तिप्पट ऐकून घाबरू नका, मूळ धोकाच छोटा असतो. २००८ साली बरेच अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशोब असा होता की पन्नाशीच्या वरची, बाकी काही धोका नसलेली ४११ माणसं वर्षभर नुसती ही गोळी घेतील तेव्हा एकाला जास्तीचा असा रक्तस्राव होईल, पण सोबत दुखण्याची गोळी असेल तर १०६ माणसांत एकाला. काकूंच्या बाबतीत वय जास्त, ॲस्पिरिन आहे आणि पॅन्टोप्राझोल बंद, तेव्हा त्या १०६ वाल्या रांगेतही बसत नव्हत्या, अजून पुढेच.

ऑगस्टच्या शेवटी काकूंना गळून गेल्यासारखं व्हायला लागलं. जिन्याच्या पाच पायऱ्यांत धाप. फॅमिली डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरी दिसली, लोहाच्या गोळ्या दिल्या, सणानंतर रक्त तपासू म्हणाले. इथे दुसरी फसगत झाली. लोहाच्या गोळीनं संडासला काळं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पाकिटावर आम्हीच सांगतो. त्यामुळे काळं व्हायला लागलं तेव्हा काकूंनी सुनेला सांगितलं पण दोघींनी ते लोहावर ढकललं. फरक असतो, आणि तो कळण्यासारखा असतो. लोहाचं काळं हिरवट असतं, घट्ट असतं, वास नेहमीचाच. रक्ताचं काळं म्हणजे डांबर, चिकट, भांड्याला धरून बसणारं, पाणी टाकून सुटत नाही, आणि वास असा की माणूस विसरत नाही. सून नंतर मला म्हणाली, दादा, दोनदा हार्पिक टाकलं मी आणि मनात आलं की एवढं काय चिकटतंय, पण सणाची गडबड.

गौरी जेवणाच्या दिवशी काकू पहाटेपासून पुरणाला उभ्या होत्या. ऐकत नाहीत, सोळा भाज्या झाल्याच पाहिजेत. साडेअकराच्या सुमारास पाट्यावर वाटलेलं पुरण परातीत घेताना डोळ्यापुढे अंधारी आली आणि त्या तिथेच खाली बसल्या, मग आडव्या. कपाळावर घाम, हात गार. मुलानं गाडी काढली. दवाखान्यात नाडी ११८, बीपी ९० वर ६०, हिमोग्लोबिन ६.४. युरिया ७८ आणि क्रिएटिनीन मात्र १.०, म्हणजे किडनी ठीक, हे बघून तिथल्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं की रक्त आतड्यात पचतंय, कारण पोटात गेलेलं रक्त म्हणजे शेवटी प्रोटीनच, ते पचलं की युरिया वाढतो. प्लेटलेट्स २ लाख ६० हजार. रक्त गोठण्याची तपासणी, आयएनआर, १.०, एकदम चोख. सोडियम १२७. शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, पॅन्टोप्राझोल शिरेतून, रात्री दुर्बिणीची तपासणी. जठराच्या खालच्या भागात साधारण एक सेंटिमीटरची जखम, तिच्या तळाला उघडी पडलेली रक्तवाहिनी, आजूबाजूला खरवडल्यासारखे बारीक फोड. तिथे इंजेक्शन मारून क्लिप लावली. हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूची तपासणी निगेटिव्ह, दोन महिन्यांनी परत केली तेव्हाही निगेटिव्ह.

गोळ्यांची यादी विचारली तेव्हा मुलानं बीपीची, ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची, लोहाची आणि गुडघ्याची सांगितली. खाकी पाकीट सांगितलं नाही. मामा शेजारीच उभे होते. मुलगा नंतर म्हणाला की मला वाटलं तिचा पोटाशी काय संबंध, ती तर मनाची गोळी. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही यादीत पुरेसं कारण मिळालं होतं, ॲस्पिरिन आणि दुखण्याची गोळी, एवढ्यावर केस बंद होत होती.

चौथ्या दिवशी ती उघडली, आणि उघडली कशी ते बघा. काकूंना चक्कर यायला लागली, रडू यायला लागलं, मळमळ, आणि त्या सारख्या म्हणायच्या की मान फिरवली की डोक्यात करंट बसतो, बारीक, विजेचा. हिमोग्लोबिन वर आलेलं, ८.५, बीपी चांगलं. सोडियम कमी आहे म्हणून असेल असं डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात भ्रम होतो तसलं काही असेल असंही वाटलं. त्या दिवशी सून कपडे न्यायला घरी आली आणि तिला उशीखाली पाकीट सापडलं. ते घेऊन ती सरळ दुकानात. काउंटरवर तिनं तुकडे ओतले, चंदेरी, दोन-दोन गोळ्यांचे, नाव नाही, बॅच नाही, तारीख नाही.

“दादा, ही कसली गोळी? आईंना रोज लागते, त्याशिवाय झोप नाही म्हणतात. तिकडे नर्सला दाखवली तर त्या म्हणाल्या नावाशिवाय आम्ही देऊ शकत नाही.”

माझ्या कात्रीचे काप समोर होते. आता हिला सांगायचं तर मुलानं विश्वासानं ठेवलेली गोष्ट फोडायची. मी म्हणालो, वहिनी, दोन मिनिटं बसा, आणि आत जाऊन मुलाला फोन लावला. तो आधी गप्प झाला. मग म्हणाला, सांगा दादा, आता काय लपवायचं. मी बिलबुकाच्या मागच्या पानावर सगळी यादी लिहिली, सर्ट्रालीन ५०, मार्चपासून, गेल्या चार रात्री बंद, आणि फोटो काढून मुलाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. खाली दुखण्याच्या गोळ्यांचा माझ्याकडचा हिशोबही लिहिला, कारण तोवर तो शेजारचा पोरगा कोणाकडून येत होता हे मला वहिनींच्या बोलण्यातून कळलं होतं. ते लिहिताना हात कापत होता माझा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो बघून दहा मिनिटांत तीन गोष्टी जुळवल्या. डोक्यातला करंट म्हणजे गोळी एकदम तुटल्याची लक्षणं, सर्ट्रालीनचं निम्मं औषध साधारण एका दिवसात शरीरातून जातं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं व्हायची वेळ बरोबर बसते. मेपासूनचे डाग आणि घोळणा. आणि सोडियम १२७. ही गोळी वयस्कर बायकांमध्ये, त्यातही सोबत लघवी वाढवणारं औषध असेल तर, शरीरात पाणी धरून ठेवणारा हार्मोन वाढवते आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. १३५ च्या खाली गेलं की अशक्तपणा, मळमळ, तोल जाणं. ऑगस्टमधल्या गळून जाण्यात रक्ताचा वाटा किती आणि मिठाचा किती, हे आता कोण सांगणार. साधारणपणे गोळी सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत सोडियम एकदा बघतात, काकूंचं बघायचं राहिलं कारण मानसोपचारवाल्यांना बीपीची गोळी माहीत होती, त्यातलं दुसरं औषध माहीत नव्हतं.

पुढचा प्रश्न अवघड होता. मामा म्हणाले (त्यांना आता सगळं कळलं होतं आणि महाभारत काही झालं नाही, नुसते गप्प बसले होते), बंद करा ती गोळी कायमची. पण फेब्रुवारीतल्या काकू कोणी विसरलं नव्हतं. मानसोपचार तज्ज्ञांशी फोनवर बोलणं झालं आणि त्यांनी गोळी बंद न करता बदलायचं ठरवलं. मिर्टाझापीन, रात्री साडेसात मिलिग्रॅम, मग पंधरा. ही त्या पंपाला जवळजवळ हात लावत नाही, प्लेटलेट्सची साठवण तशीच राहते, सोडियमही सहसा कमी पाडत नाही, आणि भूक-झोप दोन्ही सुधारते. तिचा रक्तावरचा वेगळा एक त्रास आहे तो त्यांनी सांगून ठेवला, क्वचित पांढऱ्या पेशी एकदम पडतात. बाजारात यायच्या आधीच्या चाचण्यांत २,७९६ पेशंटमध्ये दोघांना तसं झालं होतं. म्हणून घसा दुखून ताप आला, तोंड आलं, तर क्रोसिन घेऊन घरी बसायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. हे वाक्य मी पाकिटावर लिहून दिलंय. आता पाकिटात पूर्ण स्ट्रिप असते, नावासकट.

ॲस्पिरिन स्टेंटमुळे पाचव्या दिवशी परत सुरू झाली, पॅन्टोप्राझोल कायमची, या वेळी कशासाठी ते समजावून. बीपीच्या गोळीतून लघवीचं औषध काढलं. डोक्यातला करंट जायला दहा-बारा दिवस लागले. डाग नवीन पडायचे तीन आठवड्यांत कमी झाले. गोळी अंगातून जायला पाच-सहा दिवस, मग शिट्टीवाल्या नव्या प्लेटलेट्स यायला आठवडाभर, हिशोब जमतो. ॲस्पिरिन आहे म्हणून एखादा पडतो अजून.

कोणाचा दोष किती, हे मला बरेच जण विचारतात. माझं मत, दुखण्याची गोळी सगळ्यात मोठी गुन्हेगार, पाच आठवडे सलग, तीही स्टेंटवाल्या माणसाला, हार्टसाठी पण वाईट. दुसरा नंबर बंद केलेली पॅन्टोप्राझोल. ॲस्पिरिन नाइलाज. सर्ट्रालीन एकटी असती तर डाग पडले असते, घोळणा फुटला असता, बहुतेक एवढ्यावर भागलं असतं. पण तीच एक अशी होती की जिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि तिनं मेमध्ये हातावर लिहून दिलं होतं की रक्त थांबत नाहीये. ते वाचलं असतं तर जुलैत दुखण्याची गोळी कोणी दिली नसती. हे वाचून घरातली अशी गोळी कोणी एकदम बंद केलीत तर मात्र करंटवाली गत होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे आजार परत येईल, तेव्हा तसलं काही करू नका, यादी घेऊन डॉक्टरकडे जा.

मी सरकारच्या औषध-दुष्परिणामांच्या नोंदणीला फॉर्म भरून पाठवला. गाझियाबादहून चालतं ते काम, १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर आहे, पेशंट स्वतः पण कळवू शकतो आणि फॉर्म मराठीत मिळतो. संशयित औषधांमध्ये ॲस्पिरिन, दुखण्याची गोळी आणि सर्ट्रालीन, तिन्ही लिहिली आणि संबंध ‘शक्य’ एवढाच, ‘खात्रीशीर’ म्हणायला माझी छाती झाली नाही. दुकानात आता रिकाम्या स्ट्रिपवर दुखण्याची गोळी मिळत नाही. चार गिऱ्हाइकं त्या पायी समोरच्या दुकानात गेली, ती तिकडे मिळतेच.

डिसेंबरात काकूंचं हिमोग्लोबिन ११.२, सोडियम १३७. वजन मात्र मिर्टाझापीननं पाच किलो वाढलं, त्यामुळे गुडघे आणखी बोलतात. फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा, जमेल तेव्हा. मागच्या आठवड्यात स्वतः आल्या चालत, शेजारच्या पोराला काठीसारखा धरून. गोळ्यांचा डबा, श्रीखंडाचा जुना, काउंटरवर ठेवला, पॅरासिटामॉलची स्ट्रिप मागितली, मग पोराला बिस्किटाच्या बरणीकडे पिटाळून माझ्याकडे वाकल्या.

“अरे, ती आधीची लाल पट्टीवाली गोळी छान होती रे. एकच दे की. एकीनं काय होतंय.”

मी जेलची ट्यूब काढून दिली. ट्यूब घेतली त्यांनी, पण नाक मुरडून.